सूप विणता येत नाही, पण पाहता येते: हस्तकलेचं नुसतं शौकीन व्हायचं असेल तर

आधीच सांगून देतो, मला काहीच बनवता येत नाही. टोपली नाही, गोधडी नाही, मातीचा बैल पण नाही. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला काडेपेट्यांचं घर करायचं होतं ते सुद्धा शेजारच्या बाकावरच्या पोरीनं करून दिलं होतं, बदल्यात मी तिची गणितं सोडवली. पण पूर्व विदर्भातल्या नागभीड, ब्रह्मपुरी, पवनी या पट्ट्यात मी कितीतरी वर्षं लाइटच्या मीटरचं रिडिंग घेत फिरून राहिलो, अन् मीटर कुठे असते तर ओसरीत, अन् ओसरीत मीटरच्या खाली खुंटीला काय टांगलेलं असते तर सूप, टोपली, बैलाची म्होरकी, एखादी जुनी पितळी घंटी. काम काय तर आकडा पाहायचा, फोटो काढायचा, पुढच्या घरी जायचं. पण नजर खाली घसरतेच ना. तिथून हा नाद लागला.

नाद सांगितला की लोक लगेच म्हणतात, एवढं आवडते तर तू पण शीक ना, मोबाईलवर व्हिडिओ आहेत ढिगानं. आमच्या वहिनीनं असंच ऐकून मॅक्रमेचा (दोऱ्याला गाठी मारून वस्तू करतात ते) दोरा मागवला होता, ऑनलाइन, पाच किलो का किती, तो अजून कपाटात आहे अन् त्यातला थोडा कपडे वाळवायच्या दोरीला लागला. आता मला सांगा, आपल्या झाडीपट्टीत रात्रभर थंडीत घोंगडं पांघरून नाटक पाहणाऱ्या माणसाला कोणी विचारते का, की काऊन गा, तुले तोंडाले रंग लावता येते का? शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहायला गेलेल्याला कोणी म्हणते का की आधी तू जोडी हाकून दाखव? मग टोपली पाहणाऱ्यानंच टोपली विणून दाखवायचा ठेका घेतला आहे का. पाहणं हे वेगळं काम आहे, अन् ते पण शिकावं लागते, म्हणून हे लिहून राहिलो. पायऱ्या पाडून सांगतो पण मागेपुढे झाल्या तरी चालते, फक्त कोसा (म्हणजे जंगलातलं रेशीम) घ्यायच्या आधी ती कोशाची पायरी वाचल्याशिवाय बाजारात जाऊ नका, मी पैसे घालवून शिकलो ते.

पहिली पायरी, घरातच पाहा

प्रदर्शनात जायच्या आधी घरातल्या तीन वस्तू काढा ज्या मशीनवर बनलेल्या नाहीत. आपल्याकडे गावात हे सोपं आहे, सूप असतेच, गोधडी असतेच (आमची आजी तिला वाकय म्हणायची), एखादं पितळेचं गुंड किंवा गंज असते. त्या दारात उजेडात आणा अन् उलट्या करा. हे उलटं करणं म्हणजे अर्धी विद्या आहे. समोरची बाजू सगळेच नीट करतात, मागच्या बाजूनं माणूस कळतो. गोधडी उलटी केली की टाका कसा चालला ते दिसते, काठापासून सुरू होऊन चौकोनात फिरत फिरत मधात आला का आडव्या ओळी मारल्या, कुठे दोरा संपला अन् गाठ कुठे लपवली, कुठे दुसऱ्या बाईचा हात लागला. हो, ते पण दिसते. आमच्या घरच्या गोधडीत एका कोपऱ्यात टाके एकदम लांब लांब आहेत, आईला विचारलं तर म्हणे ते तुझ्या मावशीचे, तिला उन्हाळ्याच्या सुट्टीत बळजबरी बसवलं होतं. वीस वर्षं ती गोधडी पांघरली अन् हे मला माहीत नव्हतं.

अन् नुसत्या ठेवायच्या वस्तूच हस्तकला असं समजू नका. उन्हाळ्यात बाया काडीला पीठ गुंडाळून सरगुंडे करतात, मटका उलटा घालून त्यावर हातभर लांब पोळी टाकतात, ती पोळी कोपरापर्यंत लोंबते पण फाटत नाही. पाहा एकदा नीट. खाता तर दरवर्षी.

दुसरी पायरी, एकच वस्तू धरा

नव्या माणसाची चूक काय होते तर त्याला सगळंच आवडते. कोसा पण, बांबू पण, वारली पण (वारली तिकडची, ठाणे-पालघरची, आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर रंगवतात म्हणून ती आपली होत नाही). मग त्याला काहीच कळत नाही. वर्षभर एकच वस्तू पाहा. मी सूप धरलं. तुम्ही माठ धरा, झाडू धरा, बैलाची झूल धरा, काहीही, फक्त ती आसपास पाचपन्नास ठिकाणी पाहायला मिळाली पाहिजे.

सुपाचंच सांगतो मग, कारण मला तेच सांगता येते. बांबू म्हणजे झाड नाही, गवत आहे, हे पहिलं. त्याच्या बाहेरच्या हिरव्या सालीत सगळी ताकद असते, आतला पांढरा भाग नरम, त्यात गोडी असते म्हणून कीड तिकडेच लागते. बुरूड काकू बांबू चिरतात तेव्हा हिरव्या सालीच्या कामट्या वेगळ्या अन् आतल्या वेगळ्या, अन् चांगल्या सुपात सालीचा भाग जिथे घासण होते तिथे वापरलेला असतो. स्वस्तातल्या सुपात आतलाच माल जास्त. नवं सूप हातात घेतलं की आधी सूर्याकडे धरा. भोकं दिसतील ते ठीक, पण सगळीकडे एकसारखी दिसली पाहिजेत. मग पालथं हातानं घासा, सणक म्हणून काही टोचलं नाही पाहिजे. मग काठ पाहा, काठ म्हणजे सुपाचा जीव, वेढे किती जवळजवळ घेतले, शेवटचं टोक कुठे खोचलं. मग मूठभर तांदूळ मागा अन् टाकून पाखडा, अन् पाखडता येत नसेल (मला येत नाही) तर काकूलाच पाखडायला लावा. चांगल्या सुपात तांदूळ सरकतो, उडतो, परत त्याच जागी येतो, आवाज सळसळ येतो. भिकार सुपात तो एका बाजूला जमा होतो.

एकदा मी पण बसलो होतो विणायला, लपवत नाही. आमच्या बाजूच्या गावच्या एक काकू, त्यांच्याकडे रिडिंगला गेलो की अर्धा तास बसायचोच. म्हटलं मी करून पाहतो. पहिल्या कामटीला सुरी सरळ जायच्या ऐवजी तिरपी गेली, दुसरीला अंगठ्यात, तिसरी मधूनच तुटली. काकू काही बोलल्या नाहीत, हळद आणून लावली अन् म्हणाल्या, "भाऊ, तुमी बसा, पाहा, बोला. पन बांबू नोका वाया घालवू, डेपोतून आनावा लागते त्यो." त्या दिवसापासून माझी जागा ठरली. अन् खरं सांगू, तो अंगठा कापला म्हणून मला आता माहीत आहे की सुरी चालते त्यापेक्षा बांबू सरकतो जास्त, काकू सुरी जागेवर धरतात अन् कामटी ओढतात. ते मी आधी शंभरदा पाहिलं होतं अन् दिसलं नव्हतं. म्हणून एकदा करून पाहायला हरकत नाही, पण एकदाच, अन् आपला माल आपण नेऊन.

बांबू येतो कुठून हे पण विचारा, त्याशिवाय किंमत कळत नाही. पोट या बांबूवर, पण जंगल वनखात्याचं, त्यामुळे कायद्याची भानगड कायमच राहिली. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा ऐकलं असेल, "आमच्या गावात आम्हीच सरकार" वालं गाव, त्यांना वनहक्क मिळाले अन् २०११ मध्ये स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकायचे पास ग्रामसभेच्या हातात आले, तेव्हा देशभर बातमी झाली होती. अन् २०१७ मध्ये कायदा बदलून जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला, म्हणजे आपल्या धुऱ्यावरचा बांबू कापायला अन् न्यायला ती परवान्याची कटकट राहिली नाही. हे सगळं त्या एका सुपाच्या मागे उभं असते, अन् आपण बाजारात म्हणतो दीडशे लय झाले, शंभर घे.

तिसरी पायरी, जाऊन बसायची रीत

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते मला, कारण इथेच लोक बिघडवतात.

वेळ पाहून जा. लग्नसराईत बुरुडाकडे जाऊ नका, सुपं-टोपल्यांच्या ऑर्डर असतात. पोळ्याच्या आधी आठ दिवस बैलाचा साज करणाऱ्याकडे नाही, दिवाळीच्या आधी कुंभाराकडे नाही. रोवणीच्या दिवसांत तर कोणाकडेच नाही, सगळे बांधीत असतात, घरी म्हातारी माणसं अन् कोंबड्या. माझ्या अनुभवात संक्रांतीनंतर मोकळा काळ असतो, नाहीतर मग दुपारचं जेवण झाल्यावर.

उजेडात उभे राहू नका. हे साधं वाटते पण विणकराच्या घरी माग बहुतेक खिडकीजवळ असतो, अन् पाहुणा येऊन नेमका खिडकीतच उभा राहते. आंधळगावात, भंडारा जिल्ह्यातल्या कोसा विणणाऱ्या गावात, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मीच राहिलो होतो, ते बिचारे विणकर दहा मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "साहेब, जरा इकडे बसता का, धागा दिसून नाही राहिला." साहेब! मीटरवाला अन् साहेब.

"हे बनवायला किती वेळ लागतो" हा प्रश्न सगळेच विचारतात अन् त्याचं उत्तर त्यांना पण कंटाळा येईपर्यंत देऊन झालं आहे. त्यापेक्षा विचारा, यात सगळ्यात बिघडायची जागा कोणती? किंवा, ही तुम्ही केलेली अन् ही तुमच्या आईनं केलेली, यात फरक काय? मग पाहा कसे बोलतात. आडनाव, समाज, उत्पन्न किती, पोरं काय करतात हे विचारत बसू नका, जनगणनेला आलो आहोत का आपण. त्यांनी सांगितलं तर ऐका.

फोटो विचारून. अन् काढला तर प्रिंट नेऊन द्या, तालुक्याला स्टुडिओत दहावीस रुपयांत निघते, व्हॉट्सॲपवर टाकतो म्हणणाऱ्यांची त्यांना सवय आहे. काकूंच्या घरी मी दिलेला फोटो आता मीटरच्या बाजूलाच लावला आहे, म्हणजे दर महिन्याला माझ्या रिडिंगच्या फोटोत त्या पण अर्ध्या येतात.

भाव करायचा का? माझं मत विचाराल तर नाही. व्यापाऱ्याच्या दुकानात करा खुशाल, बनवणाऱ्याच्या ओसरीत नाही. परवडत नसेल तर लहान वस्तू घ्या, किंवा काहीच घेऊ नका, चहा पिऊन या, रागावत नाही कोणी. पण दर वेळी रिकाम्या हातानं जाऊन तासभर डोकं खायचं असं मात्र करू नका, त्यांची मजुरी नगावर असते, तासावर नाही.

चौथी पायरी, जुनं पाहा म्हणजे नवं कळते

बाजारातला माल रोज पाहून डोळा बोथट होते, म्हणून वर्षातून एकदोनदा बाहेर निघा. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी उद्घाटन केलं होतं, ग्रामोद्योगाचीच सगळी मांडणी, चरखे तर इतके प्रकारचे की आपण एकच चरखा समजत होतो ते किती चुकीचं होतं हे कळते. तिथेच खादीचं पण काम चालते. तसंच पुढे सेवाग्रामला जा अन् बापूकुटीची भिंत पाहा, मीराबेननं मातीतच खजुराची झाडं अन् चरखा उठवला आहे. लोक आत जाऊन बापूंचा चष्मा-काठी पाहून येतात, भिंतीकडे कोणी पाहत नाही. पंधरा मिनिटं त्या भिंतीपुढे उभे राहा, आपल्या आज्यांनी सारवलेल्या भिंती आठवतील.

नागपूरला अजब बंगला, १८६३ चा, जुन्या लोकांना हेच नाव माहीत आहे. आदिवासींच्या वस्तूंचं दालन आहे त्यात. अन् नागपूरलाच दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्रात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरते, तिथे बाहेर राज्यातले कारागीर येतात, गर्दी फार असते म्हणून संध्याकाळी नाही, दुपारी जा, तेव्हा ते जेवून निवांत बसलेले असतात. बांबूवाल्यांनी चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन अन् प्रशिक्षण केंद्र पाहावं, मेळघाटात कोणी जाणार असेल तर धारणी तालुक्यात लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र, कोरकू लोकांचं काम आहे. सूप ज्या बांबूचं होते त्याचंच घर होते, खुर्ची होते, राखी पण होते, हे पाहून मला माझ्या सुपाबद्दल जास्तच आदर वाटायला लागला.

पाचवी पायरी, कोसा

आता ज्यासाठी थांबा म्हटलं होतं ते. भंडारा जिल्हा, मोहाडीकडचं आंधळगाव, हा कोशाचा भाग. घरोघरी तुतीवर वाढतात ते रेशीम वेगळं अन् हा कोसा वेगळा. याच्या अळ्या जंगलात ऐन अन् अर्जुनाच्या झाडावर राहतात, उघड्यावर, म्हणून पाखरं खातात, मुंग्या खातात, पावसानं मरतात, अन् राखणारा माणूस गुलेर घेऊन दिवसभर झाडाखाली फिरत असतो. पिढ्यान् पिढ्या धीवर समाजाची माणसं हे करत आली. कोष हातात घेऊन पाहा कधी मिळाला तर, लहान अंड्यासारखा टणक असते, अन् वर देठ असते फांदीला धरायला, आंब्याला असते तसा. तो उकळून नरम करतात अन् मग धागा काढतात. रंग मूळचाच असतो, मधासारखा, रंगवावा लागत नाही, अन् धागा जरा जाडबारीक असल्यामुळे कापडाला ती खरबरीत चमक येते. गुळगुळीत आरशासारखा चमकत असेल तर शंका घ्या.

इथली नामी चीज म्हणजे करवती किनारीची साडी. करवत म्हणजे लाकूड कापायची आरी, तिच्या दातांसारखे काठाला दात. मला आधी वाटायचं ते दात वरून काढतात, भरतकाम असेल. तसं नाही. तीन धोटे (आडवा धागा इकडून तिकडे नेतात ते) चालतात, दोन काठांचे दोन अन् मधल्या अंगाचा एक, अन् काठाचा आडवा धागा अंगाच्या आडव्या धाग्यात अडकवत अडकवत न्यायचा, प्रत्येक फेरीला किती पुढे किती मागे हे मोजून, त्यातून तो दात तयार होते. म्हणजे काठ जोडलेला नाही, विणतानाच झालेला. याला भौगोलिक मानांकन पण आहे, तेच आपल्या संत्र्याला आहे ते. साडी उलटी करा (बघा, परत उलटी), दात मागून पण तितकेच स्वच्छ दिसले पाहिजेत. मागे धागे कापून लोंबत असतील, किंवा दात छापलेले असतील तर बाजूला ठेवा.

आता माझी फजिती. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला कोसा घ्यावा म्हणून शहरात एका सेलमध्ये घुसलो, बोर्डवर "प्युअर कोसा", पन्नास टक्के डिस्काउंट, दुकानदार गोड बोलणारा. आंधळगावात जाऊन बसलेला मी, तरी फसलो, कारण डिस्काउंट ऐकलं की डोळे बंद होतात माणसाचे. घरी आलो, बायकोनं पदराच्या गोंड्यातला एक धागा काढून काडीवर धरला. रेशीम जळते ते केस जळल्यासारखा वास येतो अन् चुटकीत भुगा होते अशी राख राहते. हे वितळलं, काळा मणी झाला, अन् वास प्लास्टिकचा. बायको काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी म्हणाली, खिडकीले पडदा नव्हताच ना आपल्या. अजून लटकून आहे तो, साडेतीन हजाराचा पडदा.

म्हणून लेबलं समजून घ्या, कारण प्रत्येक लेबल वेगळी गोष्ट सांगते अन् दुकानदार एक दाखवून दुसरी पटवते. सिल्क मार्क सांगते की धागा खरं रेशीम आहे, पण कापड यंत्रमागावरचं असू शकते. हँडलूम मार्क सांगते की हातमागावर विणलं, पण धागा कशाचा ते नाही. खादी म्हणजे सूत पण हातानं कातलेलं अन् कापड पण हातानं विणलेलं, दोन्ही. मानांकन त्या भागाचं अन् त्या पद्धतीचं. चारही एकाच साडीवर शोधत बसू नका, पण आपण कोणता प्रश्न विचारून राहिलो हे आपल्याला माहीत पाहिजे. लेबल नसेल तर काठाला पाहा, हातमागावर कापड ताणून ठेवायला आडवी कांब लावतात, तिच्या टोकांची बारीक बारीक भोकं दोन्ही काठांना राहतात. अन् अंगात कुठेतरी धागा जरा दाट, कुठे विरळ, तिथे विणकराला कोणीतरी हाक मारली असेल असं समजायचं.

अन् परवडत नाही म्हणून लाजू नका. कोशाचा रुमाल, स्टोल, जाकिटाचा तुकडा पण मिळते. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एक उपरणं घेतलं, अन् ते वर्षातून चार वेळा घालतो, त्यातले दोन वेळा नुसतं आरशात पाहायला.

सहावी, माठ, अन् बाकीचं भराभर

माठ घ्यायचा तर अक्षय तृतीयेच्या आसपास आठवडी बाजारात. बोटाच्या पेरानं वाजवा, टणटण म्हटला तर नीट भाजला, बदबद म्हटला तर कच्चा नाहीतर कुठे तडा. तेलकट रंग मारलेला घेऊ नका, माठाचं पाणी गार होते ते अंगातून पाझरून उडून जाते म्हणून, रंग मारला की भोकं बुजली, मग तो माठ कसला, मातीची बादली. मातीकामाची आवड लागली तर भद्रावतीला ग्रामोदय संघात चक्कर मारा, तिथे चिनीमातीपर्यंत सगळं चालते.

यवतमाळ-वाशिमकडचे कोणी असाल तर बंजारा भरतकाम सोडू नका. आरसे, कवड्या, जाड दोऱ्याचे टाके, पोहरादेवीला रामनवमीच्या जत्रेत म्हाताऱ्या याड्यांच्या (याडी म्हणजे आई) अंगावर अजून दिसते, फेटिया म्हणजे घागरा अन् काचळी म्हणजे चोळी. एक सांगणं आहे, जुना फेटिया कापून त्याच्या पिशव्या अन् पर्स करून विकतात, त्या दिसतात भारी पण घेऊ नका असं माझं मत. एखाद्या बाईनं जन्मभर घातलेला घागरा कापून मोबाईलचं कव्हर! नवं करून मागा, करणाऱ्या आहेत अजून, थोड्या आहेत पण आहेत.

तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी हे तर आपलंच, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं घेऊन निघतात. त्यात वशिंड पाहा अन् मानेचा बाक पाहा, तिथे सुताराला बैल माहीत आहे का नाही ते कळते. दरवर्षी ऑइलपेंटचा नवा थर मारतात त्यानं डोळ्याची कोरणी बुजून जाते, आमच्या घरच्याचं तेच झालं, आता तो बैल झोपल्यासारखा दिसते.

सातवी पायरी, वापरा

पाहणारा माणूस वस्तू घेतो अन् शोकेसमध्ये ठेवतो. सूप शोकेसमध्ये मेलं समजा. वापरलं की बांबू तुकतुकीत होते, रंग तांबूस येते, अन् खरी विण कशी होती ते दोन वर्षांनी कळते, पहिल्या दिवशी नाही. घरी कोणी पाखडत नसेल तर भाजी निवडायला घ्या, पापड वाळवायला घ्या. टोपलीला मेथी भिजवून वाटून कागदाच्या लगद्यात मिसळायची अन् लेप द्यायचा, आपल्या आया करायच्या, धान्य गळत नाही अन् कीड लांब राहते.

बांबूखाली पिवळं पीठ पडलेलं दिसलं तर भुंगा लागला. कडक उन्हात दोनतीन दिवस टाका, अन् चूल असेल तर वर धुरात टांगून द्या. पावसाळ्यात पॉलिथिनमध्ये गुंडाळून ठेवू नका, आतल्या आत बुरशी धरते. कोसा सुती कपड्यात गुंडाळून ठेवा, घडी अधूनमधून बदलत राहा नाहीतर त्याच रेषेवर फाटतो.

मोडलं तर ज्यानं केलं त्याच्याकडेच न्या. हे करणारे फार कमी लोक आहेत अन् कारागिराच्या तोंडावर जो आनंद दिसते तो नवीन वस्तू घेताना दिसत नाही. सुपाचा काठ नव्यानं बांधून मिळते. पितळी भांड्याला कल्हई करून मिळते, गावात कल्हईवाला आला की घरातली सगळी भांडी काढा अन् तिथे पाट टाकून बसा, भांडं तापते, नवसागर टाकला की पांढरा धूर निघते, कथिलाचा कांडीभर तुकडा फिरवला अन् कापसाच्या बोळ्यानं पुसलं की डोळ्यापुढे भांडं चांदीचं होते. असा खेळ दुसरा नाही. भंडाऱ्याला पितळेचं गाव म्हणायचे, पण आता आमच्याकडे कल्हईवाला दोन वर्षांतून एकदा येतो, म्हणून आला की मी रिडिंग अर्धं सोडतो. (साहेबांनी वाचलं तर वाचू द्या, तसेही स्मार्ट मीटर येऊन राहिलेत.)

एक वही ठेवा जमलं तर. मी रिडिंगच्या जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर लिहितो, कोणत्या गावात काय पाहिलं, काठ कसा होता, काकू काय बोलल्या. चित्र काढता येत नसेल तरी वेडंवाकडं काढा, काढताना दिसते की टोपलीच्या बुडाला किती कामट्या एकमेकींवर गेल्या, नुसतं पाहताना मोजल्या जात नाहीत.

शेवटचं, सूप गाडीवर आणायचं असेल तर. पाठीला बांधाल तर वारा भरून गाडी मागे ओढते, मी नागभीड रस्त्यावर जवळपास धानाच्या बांधीत गेलो होतो. उघडी बाजू पाठीला चिकटवायची, पालथं बाहेर, टोक खाली, अन् दुपट्ट्यानं छातीवर गाठ मारायची. मागून येणारे लोक हसतात, कासव चाललं म्हणतात. हसू द्या. दोन सुपं असतील तर एकात एक घालायची, तीन असतील तर एसटीनं या.